नाव आधी की काम आधी?

साशंक : सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या वर्गात आजही विद्यार्थी चार नळ्या समोर ठेवून बसतात. इंडोल, मिथाइल रेड, व्होजेस-प्रोस्कॉअर, सायट्रेट. चौघींचं मिळून 'इम्विक'. ई. कोलाय असेल तर अधिक, अधिक, उणे, उणे. एंटेरोबॅक्टर असेल तर बरोबर उलटं. हे पाठ होतं, वही भरते, तोंडी परीक्षेत विचारलं जातं. या चाचण्या जुन्या आहेत म्हणून मी त्यांच्यावर उठलेलो नाही. व्होजेस आणि प्रोस्कॉअर यांची नोंद १८९८ ची, मिथाइल रेड १९१५ चं, कोसरचं सायट्रेट १९२३ चं; वयाचा दोष मी कुणाला देत नाही. माझा आक्षेप असा, की त्या ज्या प्रश्नासाठी जमवल्या तो प्रश्न पाणीपुरवठ्याचा होता. पाण्यात सापडलेला जिवाणू माणसाजनावरांच्या आतड्यातून आला की मातीतून, एवढंच ठरवायचं होतं. आज आपण त्याच नळ्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तातून वाढलेल्या जिवाणूपुढे धरतो. रक्ताच्या बाटलीत वाढ दिसली, ती प्लेटवर घेतली, एक रात्र गेली. कॉलनी उचलून नळ्यांत टाकली, आणखी एक रात्र. मिथाइल रेडला तर दोन दिवस थांबायचं. तोवर अंदाजाने सुरू केलेलं प्रतिजैविक चालूच. मॅल्डी-टॉफ यंत्र त्याच कॉलनीतल्या प्रथिनांच्या वजनाचा आलेख काढून काही मिनिटांत नाव देतं. मग ही दुसरी रात्र कशासाठी घालवायची?

आग्रही : ज्या रुग्णालयात यंत्र आहे तिथे त्या रुग्णासाठी यंत्रच आधी वापरा. दुसऱ्या रात्रीची वकिली मी करत नाही. पण 'अधिक, अधिक, उणे, उणे' पाठ करून घेणं हा शिकवण्याचा दोष आहे, नळीचा नाही. मिथाइल रेड आणि व्होजेस-प्रोस्कॉअर या दोन चाचण्या एकाच रश्श्यात करता येतात; ग्लुकोज, पेप्टोन आणि फॉस्फेट, बस. साखर एकच. ई. कोलाय ती मोडून लॅक्टिक, ॲसिटिक, फॉर्मिक अशी आम्लं सोडतो, सामू साडेचारच्या खाली जातो आणि तिथेच राहतो. मिथाइल रेड लाल. एंटेरोबॅक्टर अर्ध्या वाटेवर वळतो. तो ॲसिटॉइन आणि ब्युटेनडायॉल बनवतो, आम्ल कमी साठतं. त्या ॲसिटॉइनवर आधी अल्फा-नॅप्थॉल आणि मग पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं, नळी हलवून हवा लागू दिली, की लाली चढते. आता पाहा, मिथाइल रेडची नळी एका दिवसात वाचली तर पुष्कळदा दोघेही आम्लधर्मी दिसतात, कारण सुरुवातीला दोघेही आम्लच करतात. वेगळेपण उशिरा उघड होतं. म्हणून ते दोन दिवस. चयापचय ही काळात घडणारी गोष्ट आहे, हे ज्या विद्यार्थ्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं त्याला पुस्तकातला बाणांचा तक्ता वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

साशंक : शिक्षणाचा मुद्दा मी मान्य करतो, पण तो बाजूला ठेवू. किण्वन शिकवायला नळी उत्तम आहे म्हणून निदानालाही ती उत्तम, असं होत नाही. निदानात आपण काय करतो? दहा-बारा गुणांचे अधिक-उणे मांडतो आणि तक्त्यात जवळचं नाव शोधतो. त्या तक्त्यातल्या 'अधिक' या खुणेचा अर्थ असा असतो, की त्या जातीचे बहुतेक वाण तसे वागतात, नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणजे प्रत्येक रकाना ही एक शक्यता आहे. वीस खाचांची ती पट्टी घ्या, जिच्यातल्या रंगांवरून सात आकडी संख्या तयार होते आणि संख्येवरून नाव निघतं. संख्या पाहिली की वाटतं हिशेब पक्का आहे. पण त्या आकड्यांच्या मागे शक्यतांचा गुणाकार आहे, आणि तो गुणाकार आधी गोळा केलेल्या ज्या वाणांवर उभा आहे ते वाण आपल्या वॉर्डातले असतीलच असं नाही. त्यात ॲसिनेटोबॅक्टरसारखा जिवाणू आला की पंचाईत. ऑक्सिडेज उणे, इंडोल उणे, हालचाल उणे, बहुतेक साखरांचं किण्वन उणे. जो काहीच करत नाही त्याला आपण 'काहीच न करणारा' म्हणून ओळखतो. त्यातल्या बाऊमानी या जातीला आणि तिच्या जवळच्या भाईबंदांना तर नेहमीच्या चाचण्यांनी वेगळं करताच येत नाही. आपल्या अतिदक्षता विभागांना ज्याने जेरीस आणलंय त्याच्यापुढे नळ्या मुक्या होतात.

आग्रही : ॲसिनेटोबॅक्टरच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण मग विषमज्वराकडे या. आपल्याकडे त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही. रक्ताच्या कल्चरमधून साल्मोनेला वाढला. यंत्र 'साल्मोनेला' इथपर्यंत नेतं आणि तिथे थांबतं. तो टायफी आहे, पॅराटायफी ए आहे की कोंबडी-अंड्यातून येणारा दुसराच कुणी, हे नेहमीच्या वापरातलं यंत्र भरवशाने सांगत नाही. रुग्णाला आणि गावाला मात्र नेमकं तेच हवं असतं. टायफी माणसातूनच माणसात जातो, म्हणजे कुठेतरी वाहक आहे, कुठेतरी पाणी बिघडलंय. इथे ट्रिपल शुगर आयर्नची, म्हणजे टीएसआयची, एक तिरपी नळी पाहा. तिच्यात ग्लुकोज ०.१ टक्का, लॅक्टोज आणि सुक्रोज प्रत्येकी १ टक्का. दहापट फरक मुद्दाम ठेवलेला. या तिघांपैकी टायफी फक्त ग्लुकोज खातो. पहिल्या काही तासांत सगळी नळी पिवळी होते. मग वरच्या उताराचं तुटपुंजं ग्लुकोज संपतं, हवा मिळणारे उतारावरचे जिवाणू पेप्टोन फोडायला लागतात, अमोनिया सुटतो आणि उतार पुन्हा लाल होतो. तळ पिवळाच राहतो. वायू नाही, म्हणून आगर फुटत नाही. उतार आणि तळ जिथे भेटतात तिथे हायड्रोजन सल्फाइडची बारीक काळी रेघ उमटते. पॅराटायफी ए मध्ये बहुधा वायू दिसतो, काळेपणा नसतो, आणि लायसिनची नळी उणे येते. शेवटचा शब्द प्रतिरक्तद्रवाचा, हे मला माहीत आहे. पण कुठलं प्रतिरक्तद्रव उघडायचं हे ती नळी सांगते.

साशंक : आणि तीच नळी सकाळी सातऐवजी आदल्या रात्रीच पाहिली तर?

आग्रही : तर सगळी पिवळी दिसेल आणि तुम्ही लॅक्टोज खाणारा समजाल. दोन दिवसांनी पाहिली तर लॅक्टोज खाणाऱ्याचाही उतार लाल होऊ लागलेला असेल. १८ ते २४ तास, ही तिची वेळ. झाकण घट्ट बसवलं तरी फसगत होते, कारण उताराला हवा लागते.

साशंक : मला हेच म्हणायचं होतं. तुमची नळी खरं बोलते, पण तिच्या अटींवर, आणि त्या अटी आपल्या किती प्रयोगशाळांत पाळल्या जातात? इंडोलचं घ्या. जिवाणू ट्रिप्टोफॅन फोडून इंडोल करतो, कोव्हॅक्सचं द्रावण घातलं की वर लाल कडं दिसतं. पण रश्श्यात ट्रिप्टोफॅन असेल तर! केसीन आम्लाने फोडून केलेल्या पेप्टोनमध्ये ट्रिप्टोफॅन नष्ट झालेलं असतं. असं पेप्टोन वापरलं तर ई. कोलायसुद्धा उणे दिसेल. ऑक्सिडेजला निक्रोमच्या तारेने कॉलनी उचलली तर तारेतल्या धातूमुळेच जांभळा रंग येऊ शकतो. कॅटॅलेजसाठी रक्ताच्या प्लेटवरून कॉलनी घेताना थोडं रक्त आलं तर बुडबुडे रक्तपेशींचे. कोॲग्युलेजच्या नळीत प्लाझ्मा चार तासांनी पाहायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पाहिला, तर स्टॅफिलोकायनेजने गुठळी विरघळवलेली असू शकते. ही यादी मी आणखी वाढवू शकतो. प्रत्येक वेळी चूक जिवाणूची नसते, आणि प्रत्येक वेळी नळी तितक्याच ठामपणे रंग दाखवते. साध्या चाचणीला साधं का म्हणतात हेच मला कळत नाही. तिचं साहित्य साधं आहे. तिच्यावर विसंबायला लागणारी शिस्त अजिबात साधी नाही.

आग्रही : हे तुम्ही इतकं नीट मांडलंत की मला त्यात एकच गोष्ट घालायची आहे. त्या शिस्तीचा उपाय त्या चाचणीच्या आतच आहे. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा वाण तुमच्या नमुन्याच्या शेजारी लावायचा. इंडोलला एटीसीसी २५९२२ हा ई. कोलाय लावा, तो उणे आला की समजा पेप्टोन गेलं. त्या दिवसाचे सगळे निकाल थांबवा. पुण्यात राष्ट्रीय पातळीवरचे जिवाणूसंग्रह आहेत, माहीत असलेले वाण मिळवणं महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेला अशक्य नाही. प्रश्न असा, की हे रोज कोण करतं. पण यंत्राच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे, फक्त तो दिसत नाही. मॅल्डी-टॉफ काय करतं? लेझरच्या झटक्याने उडालेली प्रथिनं, मुख्यतः रायबोसोममधली, नळीतून किती वेळात पोचतात यावरून आलेख काढतं आणि आपल्या संग्रहातल्या आलेखांशी ताडून पाहतं. म्हणजे तेही तक्त्यातच शोधतंय. तक्ता मोठा, शोध वेगवान. पण तक्त्यात नसलेला जिवाणू आला तर तेही जवळचं नाव देतं.

साशंक : यंत्र 'जवळचं' देताना विश्वासाचा गुणही देतं, तुमची नळी तेवढंही देत नाही.

आग्रही : मेलिऑइडोसिसचं उदाहरण घ्या. तो करणारा जिवाणू बुर्खोल्डेरिया स्युडोमलाय. १९१२ साली रंगूनहून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकच्या किनारपट्टीत, तो पावसाळ्यात भेटतो. चिखलात काम करणारा, मधुमेह असलेला माणूस. ताप, न्यूमोनिया, यकृतात किंवा प्लीहेत गळू. क्षयासारखं दिसतं म्हणून कित्येकदा क्षयाची औषधं सुरू होतात. प्रयोगशाळेत तो वाढतो, ऑक्सिडेज अधिक येतं, साखरेचं किण्वन नाही, आणि रिपोर्टवर 'स्युडोमोनास जातीचा' असं लिहून तो बाजूला पडतो. काही मॅल्डी यंत्रांच्या सर्वसाधारण संग्रहात हा जिवाणू ठेवलेलाच नव्हता, कारण जैविक शस्त्र म्हणून वापर होण्याची भीती असलेल्या जिवाणूंत तो मोडतो. मग यंत्र त्याच्या निरुपद्रवी भावाचं, थायलँडेन्सिसचं, नाव द्यायचं. आणि इकडे ज्या प्रयोगशाळांत काहीच नाही तिथे एक साधा नियम उपयोगी पडला. ग्रॅम-ऋण दंडाणू, ऑक्सिडेज अधिक, जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद न देणारा, पण को-ॲमॉक्सिक्लॅव्हला बळी पडणारा. असा दिसला की मेलिऑइडोसिसची शंका घ्या आणि पुढे पाठवा. एक थेंब द्रावण आणि तीन चकत्या. याला मी मुकी नळी म्हणू शकत नाही.

साशंक : या उदाहरणात मी थोडा मागे सरतो, पण पूर्ण नाही. इथे काम कुणी केलं ते पाहा. ऑक्सिडेज एकट्याने काही केलं नाही. तो आधीही अधिकच येत होता आणि तरीही जिवाणू फेकला जात होता. फरक पडला तो कुणीतरी 'या पट्ट्यात हा आजार आहे' हे डोक्यात ठेवून चाचण्यांची जुळणी केल्यामुळे. म्हणजे ज्ञान नळीत नव्हतं, ते त्या प्रदेशाच्या अनुभवात होतं. आणि यंत्राचा संग्रह वाढवता येतो. एकदा तो आलेख आत गेला की रत्नागिरीतलं यंत्र आणि बँकॉकमधलं यंत्र सारखंच हुशार होतं. तुमचा तीन चकत्यांचा नियम मात्र प्रत्येक तंत्रज्ञाला वेगळा शिकवावा लागतो, आणि तो बदलून गेला की नव्याला पुन्हा.

आणि आता मी माझा मुख्य मुद्दा काढतो. जैवरासायनिक चाचणी विचारते, 'तू काय करतोस?' आपण उत्तर ऐकतो आणि लिहितो, 'तू अमुक आहेस.' ही उडी मला मान्य नाही. जिवाणूची कामं बदलतात. ती हरवतात, बाहेरून येतात. लॅक्टोज मोडण्याची, हायड्रोजन सल्फाइड करण्याची क्षमता प्लास्मिडवर बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. शिगेला पाहा. डीएनएच्या हिशेबाने शिगेला हा ई. कोलायच आहे, त्याच वंशातला, कामं गमावलेला. लॅक्टोज खात नाही, हालचाल नाही, लायसिन फोडत नाही, म्हणून आपण त्याला वेगळी प्रजाती मानून बसलो. उणे खुणांवर उभं राहिलेलं नाव.

आग्रही : त्या उणे खुणांपैकी एकीकडे थोडं थांबून पाहू. लायसिन फोडलं की कॅडॅव्हरिन नावाचा पदार्थ तयार होतो. १९९८ साली असं दाखवलं गेलं, की शिगेलाच्या आतड्यावर हल्ला करणाऱ्या विषाचं काम हे कॅडॅव्हरिन रोखतं. म्हणजे लायसिन फोडणारं जनुक जवळ असणं शिगेलाच्या धंद्याला अपायकारक होतं. ते गळून पडलं तेव्हा तो जास्त घातक झाला. प्रयोगशाळेत लायसिनची नळी पिवळी राहते आणि आपण 'उणे' अशी खूण करतो, तेव्हा ती एका गमावलेल्या गुणाची नोंद तर असतेच, शिवाय हा जिवाणू आमांश करू शकतो याचीही ती खूण असते. वंशावळ सांगेल की हा ई. कोलाय आहे, आणि ते खरं आहे. पण रक्त-शेंब पडणाऱ्या मुलाच्या डॉक्टरला 'ई. कोलाय' असा रिपोर्ट दिला तर तो म्हणेल, तो तर सगळ्यांच्याच पोटात असतो. मॅल्डीलाही हे दोघे वेगळे करणं जड जातं. कारण प्रथिनांच्या त्या आलेखात वंश दिसतो, आणि वंश तर एकच आहे.

साशंक : तुमच्या लायसिनच्या नळीलाही एक जण फसवतो. आतड्यात घुसणारा ई. कोलायचा एक प्रकार आहे. लॅक्टोज उशिरा खाणारा किंवा न खाणारा, हालचाल नसलेला, लायसिन उणे. आमांशासारखाच आजार करतो. नळ्यांनी त्याला शिगेलापासून वेगळं काढणं अतिशय अवघड.

आग्रही : अवघड आहे, आणि त्याने माझंच म्हणणं पुढे जातं. तो शिगेलासारखाच वागतो, शिगेलासारखाच आजार करतो. रुग्णापुरतं त्याचं काम त्याच्या नावापेक्षा महत्त्वाचं नाही का?

साशंक : रुग्णापुरतं कदाचित. साथ शोधताना नाही. आणि 'काम' या शब्दावर तुम्ही फार भार टाकताय, म्हणून मी लेन्स्कींच्या प्रयोगाकडे येतो. १९८८ साली रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलायच्या बारा वंशरेषा सुरू केल्या. रोज थोडा रस्सा नव्या फ्लास्कमध्ये. त्या माध्यमात ग्लुकोज जेमतेम आणि सायट्रेट भरपूर होतं, पण ऑक्सिजन असताना सायट्रेट वापरता न येणं ही तर ई. कोलायची व्याख्येतली खूण. इम्विकमधलं शेवटचं उणे. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर बारांपैकी एका रेषेतले जिवाणू सायट्रेट खाऊ लागले, फ्लास्क गढूळ झाला, आणि हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आता सांगा, कोसरच्या नळीपुढे हा कोण? त्याचे पूर्वज गोठवून ठेवलेले आहेत, वंशाबद्दल तिळभर शंका नाही. आणि तुमची नळी म्हणेल, ई. कोलाय नाही.

आग्रही : माझ्या हातात तो फ्लास्क आला असता तर मला आधी भेसळीची शंका आली असती. त्यांनाही आली. मग त्यांनी काय केलं? अरॅबिनोज न वापरण्याची खूण तपासली, कोणता फाज (जिवाणूंना मारणारा विषाणू) याला मारतो आणि कोणता नाही ते पाहिलं, आणि डीएनए वाचला. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे हा जिवाणू काय करतो हेच पाहणं होतं. ज्या एका गुणाने दगा दिला त्याची परीक्षा दुसऱ्या गुणांनी झाली, आणि वंशाच्या पुराव्याने ती पक्की झाली. एकाच नळीवर नाव ठरवा असं मी कधी म्हटलेलं नाही. बारा नळ्या एका दिशेला आणि तेरावी उलटी, हा माझ्या दृष्टीने त्या दिवसातला सर्वांत मोलाचा निकाल असतो. तिथे थांबावं लागतं: कल्चर शुद्ध आहे का, माध्यम बरोबर आहे का, की खरंच काही नवीन आहे? यंत्र आलेख ताडून नाव देतं तेव्हा ही विसंगती बहुतेकदा गुणांकाच्या आकड्यात विरून जाते.

आणि त्या सायट्रेटचं पुढे काय निघालं तेही बघा. सायट्रेट आत घेणारं जनुक ई. कोलायकडे पहिल्यापासून होतं, फक्त ऑक्सिजन असताना ते मुकं राहायचं. त्याची एक जादा प्रत शेजारीच तयार होऊन अशा नियंत्रकाच्या हाताखाली बसली जो ऑक्सिजनमध्येही चालू असतो. म्हणजे डीएनएची निव्वळ यादी पाहिली असती तर जनुक आधीही होतं आणि नंतरही. बदल जनुकाच्या असण्यात नव्हता. तो दिसला फ्लास्कच्या गढूळपणात.

साशंक : हे मी टिपून ठेवतो, कारण माझ्या बाजूला ते अडचणीचं आहे. असणं आणि चालू असणं यात फरक आहे, हे मला मान्य करावंच लागेल. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर तो रोजचा प्रश्न आहे. प्रतिजैविक फोडणाऱ्या विकराचं एनडीएमसारखं जनुक सापडलं म्हणजे औषध निरुपयोगी झालंच असं नाही, आणि सापडलं नाही म्हणजे औषध चालेलच असंही नाही. शोधणाऱ्याच्या यादीत नसलेलं दुसरं जनुक असू शकतं.

आग्रही : आणि म्हणूनच २०१२ साली कार्बा-एनपी नावाची चाचणी पुढे आली. कार्बापेनेम गटातलं इमिपेनेम हे प्रतिजैविक घ्यायचं, जिवाणूचा अर्क घ्यायचा, फिनॉल रेड घालायचं. जिवाणूत औषध फोडणारं विकर असेल तर इमिपेनेमची कडी तुटते, आम्ल तयार होतं, लालाचा पिवळा होतो. दोन तासांच्या आत. टीएसआयमधला तोच फिनॉल रेड, ख्रिस्टेन्सनच्या युरियाच्या नळीतला तोच. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही प्रयोगशाळेतल्या माणसाला ही चाचणी पाहिल्या पाहिल्या कळली असती. जिवाणूला विचारलेला प्रश्न मात्र आजचा आहे. या चाचण्यांना आपण ओळख पटवण्याच्या चाचण्या म्हणतो हीच मला अडचण वाटते. ओळख हा त्यांचा एक उपयोग झाला. त्या मुळात विकरांच्या चाचण्या आहेत. पोटातल्या अल्सरच्या रुग्णाच्या जठरातला बारीक तुकडा युरियात टाकून रंग पाहतात, तेव्हा हेलिकोबॅक्टरचं नाव तर कळतंच, शिवाय तो ज्या विकराच्या जोरावर जठराच्या आम्लात तग धरतो तेच विकर आपण पाहत असतो.

साशंक : कार्बा-एनपीचंही पूर्ण सांगा. ऑक्सा-४८ गटातली विकरं औषध हळू फोडतात आणि ही चाचणी त्यांच्यापुढे पुष्कळदा चुकते. त्या गटातली विकरं भारतात भरपूर आहेत. म्हणजे रंग बदलला नाही यावर विसंबून कार्बापेनेम चालू ठेवलं, तर नुकसान कुणाचं?

आग्रही : मान्य. अधिक आलं तर विश्वास ठेवा, उणे आलं तर पुढे तपासा. बहुतेक चाचण्यांचं हे असंच असतं, आणि ते चाचणीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

साशंक : मग आपण जवळजवळ एकाच जागी आलोय असं दिसतं, पण मला ते तितकंसं खरं वाटत नाही. तुमच्या सगळ्या उदाहरणांत एक जाणकार माणूस नळीमागे उभा आहे. त्याला ट्रिप्टोफॅन ठाऊक आहे, झाकण सैल ठेवायचं ठाऊक आहे, उणेचा अर्थ ठाऊक आहे. असा माणूस असेल तर मी तुमच्या बाजूला आहे. पण तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात एक तंत्रज्ञ, रक्त-लघवी-थुंकीचे सगळे नमुने त्याच्याच अंगावर. ओळखीचा वाण शेवटचा कधी लावला, त्याची नोंद नाही. माध्यम कधी उकळलं, तारीख नाही. मग तिथे विषमज्वरासाठी कल्चर होतच नाही, रक्तातली प्रतिद्रव्यं पाहणारी विडालची चाचणी होते, आणि तिच्या धूसर आकड्यावर औषधं दिली जातात. तिथे तुम्ही नळ्या द्याल की एखादं बंद डब्यातलं, कुणीही चालवावं असं यंत्र द्याल?

आग्रही : तिथे मी आधी रक्ताच्या कल्चरची बाटली आणि इनक्युबेटर देईन, कारण नळ्या आणि यंत्र दोन्ही कल्चरनंतरची गोष्ट आहे. आणि कल्चर आलं की मग नळ्याच देईन. पाच-सहाच. टीएसआय, इंडोल, सायट्रेट, युरिया, लायसिन, ऑक्सिडेज, आणि दर आठवड्याला लावायचे दोन ओळखीचे वाण. यंत्र बंद पडलं की दुरुस्तीला मुंबईहून माणूस येईपर्यंत प्रयोगशाळा बंद. नळीचं माध्यम बिघडलं तर ते त्याच माणसाला पुन्हा बनवता येतं, आणि बनवता बनवता तो शिकतो.

साशंक : आणि चूक करता करताही शिकतो. ती चूक मात्र रुग्णाच्या रिपोर्टवर जाते. समजा त्या आठवड्यात ओळखीचा वाण लावलेलाच नाही. नळीत बारीक काळी रेघ दिसतेय, वायू नाही, उतार लाल. प्रतिरक्तद्रव संपलंय. तुम्ही 'साल्मोनेला टायफी' असं लिहून रिपोर्ट सोडाल?

आग्रही : 'साल्मोनेला टायफीशी जुळणारा, त्या आठवड्याची नियंत्रण चाचणी झालेली नाही, वाण पुढे पाठवला आहे' असं लिहून सोडेन. संवेदनशीलतेच्या चकत्यांचा निकाल खाली जोडेन, माध्यमाची खात्री नसल्याने तोही तात्पुरता म्हणून. डॉक्टरला निदान दिशा तरी मिळेल.

साशंक : डॉक्टर 'टायफी' हा एक शब्द वाचेल आणि बाकी ओळ वाचणार नाही. पुढच्या भेटीत तो शब्द रुग्णाच्या फायलीत खात्री म्हणून उतरेल. मी असता तर नाव काढून टाकलं असतं आणि फक्त 'लॅक्टोज न खाणारा ग्रॅम-ऋण दंडाणू, वाण पुढे पाठवला' इतकंच सोडलं असतं.

आग्रही : आणि पुढे पाठवलेल्या वाणाचं उत्तर येईपर्यंत घरातली दुसरी व्यक्ती तापाने येईल तेव्हा कुणालाही पाण्याची टाकी तपासावीशी वाटणार नाही, कारण रिपोर्टवर टायफीचं नाव नव्हतं. ती अटीची ओळ मी नावाच्या वर छापेन, हवं तर ठळक. पण नाव गाळणार नाही.

साशंक : मी गाळेन. निदान तो ओळखीचा वाण लावून होईपर्यंत तरी.